हे अंडं कुणाचं? परसातलं डालगं आणि वंशावळीची वही

आजचा विषय ऐकायला अगदी लहान वाटेल. चार-सहा कोंबड्या आहेत, संध्याकाळी टोपलीत चार अंडी आहेत. यातलं कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं, हे ओळखायचं कसं? इतिहासाच्या व्याख्यानात हा प्रश्न कशाला, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण जरा थांबू या.

गाय विते तेव्हा गाय समोर असते. वासरू तिच्याच कासेला लागतं. शेळीचं तसंच, घोडीचं तसंच. आई कोण, याला पुरावा लागत नाही. कोंबडीचं तसं नाही. ती अंडं घालते, कलकलाट करते आणि उकिरड्यावर निघून जाते. त्याच कोपऱ्यात दुसरी येऊन बसते, मग तिसरी. उबवायला बसते ती भलतीच, जी त्या वेळी खुडूक झालेली असेल ती. म्हणजे पिल्लू ज्या पंखाखालून बाहेर येतं, तो पंख त्याच्या आईचा असेलच असं नाही.

आता ज्याला चांगल्या कोंबडीचा वंश वाढवायचा आहे, त्याची अडचण बघा. सहातली एक कोंबडी भरपूर अंडी देते, हे कळलं तरी तिची अंडी वेगळी काढता आली नाहीत तर निवड झालीच नाही. टोपलीतली मोठी अंडी उचलून रवणीला घातली, असं वाटतं खरं. पण त्यात आळशी कोंबडीचीही अंडी असतात. म्हणून आमचं म्हणणं असं आहे की कोंबडीच्या पैदाशीचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर कोणत्या काळी कुणाच्या हातात होतं, त्याचा इतिहास. आधी ते घरातल्या बाईच्या हातात होतं. मग ते प्रयोगकेंद्राच्या वहीत गेलं. आज ते मोजक्या कंपन्यांच्या संगणकात आहे. हा प्रवास समजून घ्यायला आपण उलव्यापासून सुरुवात करू.

उलवे म्हटलं की आज डोळ्यांपुढे येतात ते सेक्टर, टॉवर, बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनं, पलीकडे अटल सेतू आणि डोक्यावरून जाणारी विमानं. पण हा रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्याचा खाडीकाठ. इथे भातखाचरं होती, खारबंदिस्तीचे बांध होते, मिठागरं होती, आगरी-कोळी वस्त्या होत्या. शेजारच्या एका गावाचं तर नावच कोंबडभुजे. आणि भात जिथे, तिथे कोंबडी. हे नुसतं आपल्या कोकणातलं निरीक्षण नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पुरातत्त्वीय अभ्यासात, माणसाळलेल्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. भात आणि भरड धान्याची शेती आली, दाणे सांडले, रानकोंबडा त्या दाण्यांच्या ओढीनं माणसाजवळ आला, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे खळ्यावर सांडलेलं भात, कांडपातला कोंडा आणि कणी, उकिरड्यातले किडे यांच्यावर कोंबडी जगत होती. तिला विकतचं खाद्य लागत नव्हतं. बहुतेक घरांत ती बाईच्या देखरेखीखाली असे, आणि अंड्याचे चार पैसेही बाईच्याच गाठीला राहत.

या घरातल्या बाईला वरच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं का? होतं. आणि त्यासाठी तिच्याकडे एक साधन होतं: डालगं.

वेताचं किंवा बांबूच्या कामट्यांचं हे विणलेलं, घुमटासारखं झाकण. त्यावरून मराठीत 'डालणे' हे क्रियापदच तयार झालं. कोंबड्या डालायच्या, म्हणजे झाकून ठेवायच्या. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण आपण राजकारण्यांना ऐकवतो, पण त्या म्हणीतलं झाकण म्हणजे हेच डालगं. कोल्ह्या-मुंगसापासून राखण हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम आपल्या विषयाचं. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी एकेक हातात घ्यायची, पोटाखालून आणि मागच्या बाजूनं बोटानं चाचपायचं. कवचाचा टणकपणा हाताला लागला की ती अंड्यावर आहे. तिला सोडायची नाही. एकटीला डालग्याखाली थोडं भाताण टाकून ठेवायची. तिनं अंडं घातलं, ओरडली, की डालगं उचलायचं. कोंबडी बाहेर, अंडं पदरात. शेजारच्या परसात जाऊन अंडं घालण्याचा धोका टळला आणि कुठल्या कोंबडीचं कुठलं अंडं, हेही आपोआप ठरलं.

याच्या जोडीला डोळ्यांची ओळख. एका कोंबडीचं अंडं बरंचसं सारखंच दिसतं, कारण त्याचा आकार तिच्या अंडनलिकेत घडतो. एखादीचं लांबट, एखादीचं गोल, एखादीचं टोकाला निमुळतं. एखादीच्या कवचावर ठिपके, एखादीचं मातकट, एखादीचं जवळजवळ पांढरं. वेळेवरूनही अंदाज बांधता येतो. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा बसते. काल सकाळी आठला, आज साडेनऊला, उद्या अकराला. मग एक दिवस खाडा आणि पुन्हा सकाळ. ज्या बाईचा दिवस त्याच परसात जातो तिला हा क्रम पाठ असतो. 'काळीचा आज खाडा आहे,' असं ती सहज सांगू शकते.

पण या ज्ञानाचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. दोन सख्ख्या बहिणींची अंडी डोळ्यांना सारखीच दिसतात. तलंगेचं पहिलं अंडं लहान असतं, पुढे मोठं होतं. हंगामाच्या शेवटी कवचाचा रंग फिका पडतो. म्हणजे नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. आणि त्याहून मोठी अडचण बापाची. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचा कोंबडा कोण, ते कोण सांगणार? कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. आज कोंबडा वेगळा केला तरी उद्याचं अंडं त्याचंच असू शकतं. शिवाय घरातला सर्वांत धिप्पाड कोंबडा आधी कुठे जातो? देवाच्या मानाला, गटारीला, पाहुण्यांच्या ताटात, किंवा बाजारात चांगला भाव मिळतो म्हणून विकायला. मागे उरतो तो किडकिडीत. पुढच्या पिढीचा बाप तोच. आईची निवड डालग्यानं होत होती आणि बापाची निवड बरोबर उलट्या दिशेनं होत होती.

आता थोडं लांब जाऊ या, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात. कारण डालग्याचं काम यंत्रावर सोपवण्याचा एक प्रयोग तिथे फार गंभीरपणे झाला, आणि तो ज्या पद्धतीनं फसला त्यात आपल्या विषयाचं मर्म आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे ट्रॅप नेस्ट प्रचारात आलं. लाकडी पेटी, तिला पुढे झडप. कोंबडी आत शिरली की झडप पडते, कोंबडी अडकते. राखणदार दर तासा-दीड तासानं फेरी मारतो, तिला बाहेर काढतो, पायातल्या कडीवरचा आकडा वाचतो, तोच आकडा आणि तारीख पेन्सिलीनं अंड्यावर लिहितो आणि वहीत टिंब देतो. डालग्याचीच ही गोष्ट, फरक दोन. इथे कोंबडी स्वतःहून अडकते, आणि इथे वही आहे.

मेनच्या कृषी प्रयोगकेंद्रावर गोवेल नावाच्या प्राध्यापकांनी १८९८ साली या पेटीच्या जोरावर निवड सुरू केली. नियम साधा: वर्षाला १६० किंवा जास्त अंडी देणारी कोंबडीच पुढच्या पिढीची आई होणार, आणि कोंबडे घ्यायचे ते २०० किंवा जास्त अंडी देणाऱ्या आयांचे मुलगे. दरवर्षी हेच. आता तुम्हीच सांगा, आठ-नऊ वर्षांनी काय व्हायला हवं? कळपाची सरासरी चढायला हवी. ती चढली नाही. १९०७ साली रेमंड पर्ल हे जीवशास्त्रज्ञ तिथे आले, त्यांनी सगळ्या वह्या तपासल्या आणि हे सांगितलं, तेव्हा पैदासकारांमध्ये मोठी खळबळ उडाली.

चुकलं कुठे? अंडं कुणाचं, हे तर अचूक कळत होतं. पण एखादी कोंबडी २०० अंडी देते, त्यात तिच्या रक्ताचा वाटा किती आणि त्या वर्षीच्या खाद्याचा, हवेचा, तब्येतीचा वाटा किती, हे तिच्या एकटीच्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं तिच्या मुलींवरून. दोन कोंबड्यांनी प्रत्येकी २०० अंडी दिली. एकीच्या सगळ्या मुली चांगल्या निघाल्या, दुसरीच्या साधारण. मग पहिलीचा वंश धरायचा. कोंबड्याचंही तेच. तो तर जन्मात अंडं घालत नाही. त्याची पारख त्याच्या आईवरून, बहिणींवरून आणि शेवटी मुलींवरूनच होणार. म्हणजे 'हे अंडं कुणाचं' या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न उभा राहिला: या अंड्यातून आलेल्या मुलीनं पुढे काय केलं? एका पिढीची नोंद पुरत नाही. दोन-तीन पिढ्यांची नोंद एका जागी टिकावी लागते.

ज्यांनी हा धडा घेतला त्यांना फळ मिळालं. ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात जेम्स ड्रायडन यांच्या कळपातल्या 'लेडी मॅकडफ' या कोंबडीनं १९१३ मध्ये वर्षाची ३०३ अंडी पूर्ण केली. तीनशेचा टप्पा तोपर्यंत अशक्य मानला जात होता. आज तो आकडा व्यापारी कोंबडीची नेहमीची कामगिरी आहे. आपल्या गावठी कोंबडीची वर्षाची अंडी साठ-सत्तरच्या आसपास धरली जातात.

इथे मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, २१ दिवस बसते, मग पिल्लांना घेऊन दोन-अडीच महिने हिंडते. त्या काळात ती अंडी देत नाही, पण ती रिकामी नसते. उबवणी यंत्राचं आणि पिल्लं वाढवणाऱ्या ऊबघराचं काम ती एकटी करत असते. वहीत फक्त अंड्यांची टिंबं मोजायची ठरवल्यावर खुडूक होणं हा दोष ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो काढून टाकला गेला. व्हाइट लेगहॉर्न बसत नाही. म्हणजे ती परसात आणली तर अंडी देईल, पण स्वतःचा वंश स्वतः चालवणार नाही. त्यासाठी यंत्र लागणार, आणि यंत्राचा मालक.

मालकीचा मुद्दा पुढे अधिकच ठळक झाला. १९३६ साली अमेरिकेत हायलाइन ही कंपनी संकरित मक्याच्या धर्तीवर संकरित कोंबडी तयार करायला उभी राहिली. वेगवेगळे शुद्ध वंश वेगळे सांभाळायचे, त्यांचा ठरावीक क्रमानं संकर करायचा आणि शेतकऱ्याला फक्त शेवटची पिढी विकायची. त्या कोंबडीच्या अंड्यातून तशीच कोंबडी निपजत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा कंपनीकडेच जायचं. शुद्ध वंशांच्या नोंदी कंपनीकडे. ट्रॅप नेस्टच्या फेऱ्यांचं कामही हलकं झालं, कारण एका पिंजऱ्यात एकच कोंबडी ठेवली की अंडं घरंगळत पुढे येतं आणि पिंजऱ्याचा आकडा हाच आईचा आकडा. पुढे प्राणिकल्याणाच्या दबावामुळे युरोपात जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२ पासून बंद झाले. पिंजऱ्याबाहेर कळपात राहणाऱ्या कोंबडीची नोंद ठेवायची तर पुन्हा घरट्याकडेच वळावं लागतं. जर्मनीत म्यूनिकजवळ वायहेनश्टेफानमध्ये त्यासाठी इलेक्ट्रॉनिक घरटं तयार झालं: कोंबडीच्या पायात चिप, एका वेळी एकच कोंबडी आत, अंडं कुणाचं ते यंत्र लिहून ठेवतं. आपल्या डालग्याचं हे नातवंडच म्हणा ना.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट प्रजनन केंद्र उभं राहिलं. तशीच भुवनेश्वर, हेसरघट्टा आणि चंदीगडला. महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकीला राज्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुणे हे या धंद्याचं मोठं ठाणं बनलं, आणि बॅबकॉक या अमेरिकी वंशावर आधारलेली 'बीव्ही ३००' ही अंड्याची कोंबडी देशभर पसरली. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे मोठं काम आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. दुसरीकडे हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं परसासाठी 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया' या जाती दिल्या. पण त्यांचंही मूळ वंशाचं पुस्तक संस्थेत. परसात येतं ते तयार पिल्लू.

आता पुन्हा उलव्याला येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. नंतर विमानतळ आलं. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली अशा दहा वस्त्या उठल्या. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं.

या सगळ्यात कोंबडी कुठे आहे? कुठेच नाही, आणि आम्हाला सांगायचं आहे ते हेच. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात 'जमीन' या शब्दाची व्याख्या आहे: जमीन, तिच्यापासून मिळणारे लाभ आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू. त्यामुळे घर मोजलं जातं, विहीर मोजली जाते, आंब्याचं झाड मोजलं जातं. कोंबडी जमिनीला जोडलेली नाही, ती चालती-फिरती. तिला घेऊन जा म्हणता येतं. पण आत्ताच आपण मेनच्या वह्यांत पाहिलं की वंश म्हणजे एक कोंबडी नव्हे. वंश म्हणजे कोंबडी, तिच्या मुली, शेजारच्या परसातला कोंबडा, आणि या सगळ्यांना दोन-तीन पिढ्या ओळखणारी एक बाई. 'ही त्या ठिपकेवालीच्या वाणाची, हिची आईपण पावसाळ्यात टिकली होती,' या एका वाक्यात पर्लना जी नोंद हवी होती ती होती. वस्ती विखुरली, परस गेलं, की कोंबड्या वाचल्या तरी ती नोंद मोडते. पंचनाम्यात तिला रकाना नव्हता, म्हणून तिचा मोबदलाही नाही.

ती नोंद कालबाह्य झाली होती, असंही म्हणता येत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-पक्षी मोजले गेले. त्यातले सुमारे ३१.७ कोटी परसातले, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेली. व्यापारी पक्ष्यांची वाढ त्याच काळात साडेचार टक्के. म्हणजे परस संपलेलं नाही. प्रश्न आहे तो परसात कोंबडी आहे पण वही नाही, याचा.

म्हणून शेवटी थोडं कामाचं बोलू. उलव्याच्या जुन्या गावठाणात, करंजाडे-वडघरच्या पुनर्वसन घरांमागे किंवा आणखी कुठे, चार-सहा कोंबड्या ठेवणाऱ्यांना हे सगळं घरच्या घरी करता येतं. पायात रंगीत कड्या घाला. आठवडाभर प्रत्येकीला आळीपाळीनं डालून तिचं अंडं ओळखीचं करून घ्या. दोघींची अंडी सारखी दिसत असतील तर एकीच्या मागच्या भागाला खाण्याचा रंग लावा. अंड्यावर रेघ उमटते. अंड्यावर पेन्सिलीनं कडीचा रंग आणि तारीख लिहा. बाप ठरवायचा असेल तर तीन आठवडे एकच कोंबडा कळपात ठेवा आणि त्यानंतरची अंडी धरा. अंडी आठवड्याच्या आत रवणीला घाला, जुनी घालू नका. आणि एका खुडुकीखाली एकाच आईची अंडी ठेवा, म्हणजे एकविसाव्या दिवशी पिल्लांची सरमिसळ होणार नाही. नाहीतर इतके दिवस राखलेली ओळख कवच फुटताक्षणी हरवते. पिल्लांच्या पायात सैल दोरा बांधा, पाय वाढेल तसा बदला. आणि सर्वांत चांगल्या आईचा कोंबडा गटारीच्या आधी बाजूला काढून ठेवा.

यातलं प्रत्येक काम दहा मिनिटांचं आहे. खर्च म्हणाल तर एक वही, एक पेन्सिल आणि एक डालगं. वहीत एकेका कोंबडीचं एक पान करा, आणि त्या पानावर तिच्या मुलींसाठी जागा सोडा. घरात एखादी आजी असेल तर वही घेऊन आधी तिच्याकडे बसा. पहिली दोन पानं बहुधा तिला तोंडपाठ असतील.